दमा आणि अ‍ॅसिडिटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळजळ पोटाची, धाप छातीची. मग या दोघांचा संबंध येतो कुठून?

अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भात एकाच नळीतून तयार होतात. पुढे त्या वेगळ्या झाल्या तरी दोघींना व्हेगस या एकाच नसेचे धागे जातात. त्यामुळे एकीला चटका बसला की दुसरी आवळते. जठरातलं आम्ल घशापर्यंत यायलाच हवं असं नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लागलं तरी या नसेमार्फत निरोप पोहोचतो आणि श्वासनलिका आकसतात. किंवा आकसायला टपून बसतात, म्हणजे एरवी ज्या उदबत्तीच्या धुराने काही झालं नसतं त्याच धुराने खोकल्याची ढास लागते.

दुसरा रस्ता सरळ आहे. झोपेत आंबट पाण्याचे बारीक थेंब घशापर्यंत येतात आणि श्वासनलिकेत उतरतात. ठसका लागून, घशात करपट चव घेऊन, माणूस उठून बसतो तो यामुळे.

आधी दमा की आधी अ‍ॅसिडिटी?

दोन्ही बाजूंनी चालतं. दम लागतो तेव्हा फुफ्फुसांत हवा कोंडते, मध्यपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली ढकललं जाऊन सपाट होतं आणि अन्ननलिकेच्या झडपेभोवतीची त्याची पकड ढिली पडते. श्वास ओढताना छातीत ओढ वाढते, खोकताना पोटात दाब वाढतो. खालून दाब, वरून ओढ, मधे ढिली झडप. आम्ल वर येणारच. म्हणून दमा बिघडलेल्या आठवड्यात जळजळही वाढलेली असते आणि दोष मात्र आदल्या दिवशीच्या मिसळीला जातो.

भरल्या पोटाचा आणि दम्याचा संबंध डॉक्टरांना जुना ठाऊक आहे. विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की, रात्रीचा दमा टाळण्यासाठी रुग्ण आपणहून दिवसाचं मोठं जेवण दुपारी घ्यायला शिकतात. पण एक भान ठेवायला हवं. दमा आणि अ‍ॅसिडिटी दोन्ही इतके सर्रास आढळणारे आजार आहेत की, एकाच माणसात दोन्ही असले म्हणजे एकामुळे दुसरा झाला असं ठरत नाही.

डॉक्टरांना ‘मला पित्ताचा त्रास आहे’ एवढं सांगितलं तर पुरे ना?

पुरे नाही. आपल्याकडे पित्त या एका शब्दात चार-पाच आजार मावतात. डोकं दुखून उलटी झाली तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, तोंड कडू झालं तरी पित्त. अंगावर उठणारं पित्त अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवतं, अर्धशिशीचं पित्त मेंदूकडे, आणि घशाशी येणारं आंबट पाणी जठराकडे. सांगताना नाव सोडा, काय होतं ते सांगा: ‘जेवल्यावर तासाभराने छातीच्या मधोमध जळतं, वाकलं की आंबट पाणी तोंडात येतं, आठवड्यातून तीन रात्री खोकून जाग येते.’ एवढ्या एका वाक्यावर निम्मं निदान होतं.

रात्रीचा खोकला दम्याचा की आम्लाचा, हे घरी ओळखता येतं का?

खात्रीने नाही, पण वेळेवरून अंदाज येतो. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका पहाटे ४ च्या सुमारास सगळ्यात अरुंद असतात, म्हणून ३ ते ५ च्या दरम्यान छाती आवळून, सूं-सूं आवाज करत येणारी जाग दम्याकडे झुकते. उशिरा जेवून आडवं झाल्यावर पहिल्या दोन तासांत ठसका लागत असेल आणि उठून बसल्यावर बरं वाटत असेल, तर आम्लाचा संशय घ्यायला जागा आहे. अर्थात, उठून बसल्यावर दम्यालाही थोडं बरं वाटतं. म्हणून एकट्या त्या खुणेवर जाऊ नका.

दोन आठवडे वही ठेवा. रात्री किती वाजता जेवलात, किती वाजता आडवे झालात, जळजळ किंवा आंबट ढेकर कधी, खोकला कधी, दम्याचा पंप (इनहेलर) किती वेळा घेतला. सोबत फुंकण्याचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर असेल तर फारच उत्तम. औषधाच्या दुकानात मिळतो, वीज लागत नाही. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, पूर्ण श्वास भरायचा, ओठ नळीवर घट्ट मिटायचे आणि मेणबत्ती विझवल्यासारखं नव्हे, तर एकाच झटक्यात जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी आणि संध्याकाळी, पंप घेण्याआधी. समजा सकाळी ३२०, संध्याकाळी ३८०. फरक ६०, सरासरी ३५०, म्हणजे चढउतार सुमारे १७ टक्के. मोठ्या माणसात दोन आठवड्यांच्या अशा चढउताराची सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिली तर दम्याच्या निदानाला बळ मिळतं. आकडे सपाट आणि खोकला मात्र भरपूर, तर डॉक्टरांनी दुसरीकडे पाहायला हवं.

नेहमीची चूक अशी की, आकडा वाईट आला की फुंकलंच नाही असं समजून ती जागा कोरी सोडतात. नेमकी तीच नोंद हवी असते.

मला जळजळ अजिबात होत नाही. तरी माझा दमा ‘सायलेंट’ अ‍ॅसिडिटीमुळे असेल का? गोळी घेऊन बघू का?

आम्ल न जाणवता वर येऊ शकतं, हे खरं. पण न जाणवणाऱ्या आम्लावर गोळी देऊन दमा सुधारतो का, हे मोठ्या चाचणीत पाहून झालं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, दमा नीट आटोक्यात नसलेल्या पण जळजळ नसलेल्या किंवा अगदी किरकोळ असलेल्या ४१२ जणांपैकी काहींना इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २४ आठवडे दिलं. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. दम्यात काही फरक पडला नाही. नळी घालून मोजल्यावर ज्यांच्यात आम्ल वर येताना दिसलं होतं, त्यांच्यातही नाही.

त्यामुळे आमचं स्पष्ट मत : छातीत जळत नाही, आंबट येत नाही, तर केवळ दम्यासाठी अ‍ॅसिडिटीची गोळी सुरू करू नका. याउलट, ज्यांना जळजळही आहे आणि रात्री दमही लागतो अशांना उपचाराने काही प्रमाणात फायदा झालेला चाचण्यांत दिसतो. तोही माफक. पंप सुटेल एवढा नाही.

गोळी नेमकी कधी घ्यायची? मी रोज घेतो, तरी जळजळ होते.

बहुतेक वेळा गोळी चुकत नाही, वेळ चुकते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, राबेप्राझोल या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तरातले आम्ल तयार करणारे ‘पंप’ बंद करतात. पण जेवणाने जागे झालेलेच पंप त्यांना सापडतात. औषध रक्तात एक-दोन तासच टिकतं. म्हणून जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं, हा नियम.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी ७ ला गोळी, लगेच चहा-खारी, किंवा गोळी ७ ला आणि पहिला घास थेट ११ च्या डब्याचा. पहिल्यात औषधाला वेळच मिळाला नाही, दुसऱ्यात औषध ओसरल्यावर जेवण आलं. त्रास मुख्यतः रात्रीचा असेल तर गोळी सकाळी न घेता रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आठला जेवत असाल तर साडेसातला गोळी, अकरानंतर अंथरुण. झोपताना रिकाम्या पोटी घेतलेली गोळी सगळ्यात कमी उपयोगाची.

पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. दुखलं तेव्हा एक, अशी ही गोळी नाही. ती फोडू किंवा चावू नका; वरचं आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठीच असतं. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, तेव्हा ते आधी सांगा.

जळजळ आणि दमा दोन्ही असलेल्यांना डॉक्टर सहसा ८ ते १२ आठवडे, बऱ्याचदा दिवसातून दोनदा, गोळी देऊन बघतात. शेवटी वही उघडायची: रात्री जाग येणं कमी झालं का, पंप कमी लागला का? फक्त जळजळ थांबली आणि दमा जिथल्या तिथे असेल, तर दम्याचं कारण आम्ल नव्हतं. दम्यासाठी डोस वाढवत नेण्यात अर्थ नाही. गोळी आम्ल कमी करते, वर येणं थांबवत नाही, हेही लक्षात असू द्या; पातळ, बिनआम्ल पाणी वर येतच राहू शकतं.

‘डी’ असलेली कॅप्सूल घेतली तर चालेल ना?

‘डी’ म्हणजे बहुधा डोम्पेरिडोन, उलटीवरचं औषध. मळमळ किंवा पोट तुंबल्यासारखं होत असेल तर ठीक, नाहीतर सवयीने घ्यायचं कारण नाही. हृदयाचे ठोके बिघडवण्याचा धोका त्यात आहे, आणि छातीच्या जंतुसंसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन चालू असताना तो वाढतो. दमेकऱ्याला अशी अँटिबायोटिक्स पावसाळ्यात हमखास मिळतात, म्हणून हा मुद्दा.

ईनो, जेलुसिल, खायचा सोडा, थंड दूध?

तात्पुरत्या आरामाला चालतात. ईनो आणि सोड्यात सोडियम भरपूर, शिवाय निघणारा वायू पोट फुगवून झडपेवर दाबच आणतो; रक्तदाबवाल्यांनी लांब राहावं. थंड दुधाने दहा मिनिटं बरं वाटतं, मग त्यातली साय जठर रिकामं व्हायला उशीर करते. झोपण्याआधी पेलाभर दूध ही सवय इथे उलटी पडते. अल्जिनेटची पातळ औषधं जठरातल्या पाण्यावर साईसारखा थर धरतात. जेवणानंतर आणि झोपताना घेतली तर त्यातल्या त्यात शहाणी निवड.

डोक्याखाली तीन उशा घेतो, तरी घशाशी येतं. काय चुकतं?

उशांनी मान वाकते, कमरेत घडी पडते आणि पोट दाबलं जातं. उतार कमरेपासून हवा, मानेपासून नव्हे.

पलंगाला पाय असतील तर डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंची द्या. नेहमीची वीट सुमारे साडेसात सेंटिमीटर जाड असते. एकेका पायाखाली दोन विटा आडव्या, एकमेकींवर. विटेवर पाय घसरू नये म्हणून मधे जाड रबराचा किंवा जुन्या टायरचा तुकडा ठेवा, आणि पलंग हलवून पाहिल्याशिवाय झोपू नका. पहिल्या दोन-तीन रात्री माणूस पायथ्याकडे सरकत जातो; सुती चादर घाला, सॅटिनची नको. सामान ठेवायचा बॉक्स पलंग उचलता येत नाही, तिथे कमरेपासून डोक्यापर्यंत पोहोचणारी पाचरीच्या आकाराची फोमची उशी लागते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीच्या वरच्या निम्म्या भागाखाली घड्या घातलेल्या गोधड्या पायऱ्यांसारख्या रचाव्यात: खांद्याखाली जास्त घड्या, कमरेकडे एकच. हलका उतार तयार होतो. जुनी गोधडी वापरण्याआधी कडक उन्हात वाळवून झटका, आणि ते काम दमा नसलेल्या माणसाकडे द्या. त्यातले धुळीचे किडे हा दम्याचा वेगळाच शत्रू आहे.

कुशीचंही महत्त्व आहे. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर वर येतं. डावी कूस धरा.

काय खायचं नाही?

पदार्थांची लांबलचक यादी भिंतीवर लावून काही होत नाही. वेळ आणि मात्रा हेच मोठे गुन्हेगार. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर पाडलं तर अनेकांची निम्मी तक्रार तिथेच मिटते. दुकानातून किंवा लोकलने घरी यायलाच साडेनऊ वाजत असतील, तर सातच्या सुमारास डब्यातली पोळी-भाजी आणि घरी आल्यावर फक्त वरण-भात, तोही अर्धा, असं वाटून घ्या.

पदार्थांत तळलेलं आणि तुपकट (बटाटेवडा, तर्री), उपाशीपोटी कडक चहा, दारू, चॉकलेट. पुदिना पाचक म्हणून घेतात, पण तो झडप सैल करतो. जेवणानंतरच्या पेपरमिंटचंही तेच. तंबाखू, मिश्री, सिगारेट दोन्ही आजारांना मारक. तिखट सगळ्यांनाच बाधतं असं नाही. ज्याने तुम्हाला होतं तेच सोडा, वहीवरून ठरवून. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा दोन्ही आजारांवर एकदम लागू पडणारा मोजका उपाय. नाडी किंवा पट्टा पोटावर आवळून बांधू नका.

उपवास केला तर पोटाला विश्रांती मिळेल का?

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही. तुपातली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर चार कप चहा. यात विश्रांती कुठली? उपवास करायचाच तर फळं, ताक, वरीचा भात, थोडं थोडं.

दम्याच्या औषधांनीच अ‍ॅसिडिटी वाढते का?

काहींनी वाढते. थिओफिलिन, म्हणजे डेरिफायलिनसारख्या गोळ्या, झडप सैल करतात आणि आम्लही वाढवतात. इथे एक फसवा पेच आहे. थिओफिलिनची रक्तातली पातळी जास्त झाली की पहिलं लक्षण मळमळ आणि उलटी. ते अ‍ॅसिडिटी समजून वर आणखी एक गोळी सुरू होते. मळमळीसोबत छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असेल तर जळजळीच्या औषधामागे न लागता डोस तपासून घ्या. सिप्रोफ्लोक्सॅसिन या अँटिबायोटिकने ही पातळी वाढते, आणि सिगारेट सोडल्यावरही तोच डोस जास्त ठरू शकतो.

श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी किंवा सिरप सगळ्या अंगात फिरतं. पंपातून तेच औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट फुफ्फुसात जातं. गोळीवरून पंपावर यायला हे आणखी एक कारण. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीचा छोटा कोर्स दिला असेल तर जेवणानंतर घ्या, त्या दिवसांत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. या वेदनाशामकांनी आणि अ‍ॅस्पिरिनने काही दमेकऱ्यांना तासा-दोन तासांत जोराचा अ‍ॅटॅक येतो, शिवाय पोट सोलवटतं ते वेगळंच.

स्टेरॉइडचा पंप पोटाला त्रास देत नाही. घशाला देऊ शकतो. चूळ न भरल्यास बुरशी होते, गिळताना दुखतं आणि तेही अ‍ॅसिडिटीच्या नावावर खपतं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरा, नंतर खळखळून चूळ भरून थुंका.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय?

तिथे तीन गोष्टी बघायच्या. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, तो ना दम्याचा ना आम्लाचा. अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीच्या गोळ्या झडप सैल करू शकतात. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याने टाळायचं. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. चिठ्ठी घेऊन जा.

अ‍ॅसिडिटीचा उपचार सुरू झाला. पंप कमी करू?

नाही. दम्याची सूज रोजच्या स्टेरॉइड पंपानेच आटोक्यात राहते. पंप कमी करायचा तो दमा सलग तीनेक महिने शांत राहिल्यावर आणि डॉक्टरांनी फुंकण्याचा जोर तपासल्यावर.

लहान मुलाला दमा आहे, दूधही ओकतं. गोळी द्यावी?

तान्ह्या बाळाने प्यायल्यावर थोडं दूध ओकणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांत ते १२ ते १८ महिन्यांपर्यंत थांबतं. मोठ्या मुलांत, जळजळ नसताना केवळ दम्यासाठी लॅन्सोप्राझोल देऊन पाहिलेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दमा सुधारला नाही. उलट गोळी घेणाऱ्या मुलांत श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त दिसले. बाळाचं वजन वाढत नसेल, ओकारीत रक्त किंवा हिरवं पित्त असेल, तर मात्र थांबू नका.

गरोदरपणात दोन्ही एकदम वाढले तर?

पंप बंद करू नका. आईला दम लागणं बाळाला औषधापेक्षा घातक. जळजळीला आधी थोडं थोडं खाणं आणि अल्जिनेट, न भागल्यास डॉक्टर गोळी देतात. सोडा नको.

कपालभाती, सर्वांगासन?

जेवणानंतर तीन-चार तास नको, आणि घशाशी येत असेल तर डोकं खाली करणारी आसनं व मीठपाणी पिऊन ओकण्याची क्रिया नकोच. पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव मात्र मध्यपटलाला बळकट करतो, जळजळीत त्याचा उपयोग होतो.

एन्डोस्कोपी नॉर्मल आली. म्हणजे अ‍ॅसिडिटी नाही?

तसं नाही. आम्ल वर येणाऱ्या अनेकांची अन्ननलिका दुर्बिणीतून स्वच्छच दिसते. शंका उरली तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास आम्ल मोजतात. दिवसाच्या ६ टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर आजार नक्की, ४ टक्क्यांखाली असेल तर नाही, मधलं धूसर. ऑपरेशनचा विचार या मोजणीनंतरच. तोही अ‍ॅसिडिटीसाठी, दमा जाईल या आशेवर नव्हे.

दम्याची बाजूही तपासा. स्पायरोमेट्रीत (यंत्रात फुंकून करायच्या तपासणीत) पंप दिल्यानंतर पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याला दुजोरा मिळतो. श्वास सोडताना नव्हे तर घेताना, आणि गळ्यातून आवाज येत असेल, तर स्वरतंतू चुकीच्या वेळी मिटत असू शकतात. आम्लाने चिडलेल्या घशात हे घडतं आणि वर्षानुवर्षं दमा म्हणून पंप चालू राहतो.

कोणत्या लक्षणांना घरी थांबायचं नाही?

वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, पंपाने आराम नाही: १०८ ला फोन करा. वाट पाहताना बसून राहा, साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून एकेक झटका असे ४ ते १० झटके, गरज पडल्यास २० मिनिटांनी पुन्हा. चाळिशीनंतर छातीत दाटून आलं, घाम फुटला, दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं, तर ‘गॅस असेल’ म्हणत ईनो घोळत बसू नका; आधी ईसीजी. घास अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं यांसाठी लवकर एन्डोस्कोपी लागते.

चार वर्षं रोज गोळी चालू आहे. बंद कशी करायची?

एका दिवसात तोडली तर काही आठवडे आम्ल उसळू शकतं आणि ‘मला गोळीशिवाय जमत नाही’ असा समज होतो. दोनदा असेल तर दोन आठवडे एकदा, मग दोन आठवडे दिवसाआड, मग बंद. मधल्या जळजळीला अल्जिनेट किंवा फॅमोटिडिन ही आम्ल कमी करणारी वेगळ्या जातीची गोळी. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं, शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. अन्ननलिकेला जखमा झाल्या होत्या, किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधांसोबत पोटाच्या बचावासाठी गोळी दिली आहे, अशांनी ती स्वतःहून सोडायची नाही. विटा मात्र गोळी बंद झाल्यावरही पलंगाखालीच राहू द्या.